निपाणीची दोन कॉलेजे आणि न होणारा सामना

पावसाळा ओसरू लागला, की आपल्या भागातील कॉलेजांच्या सूचनाफलकावर एक कागद हटकून लागतो. ‘विभागीय आंतरमहाविद्यालयीन क्रीडा स्पर्धा’ असे त्याचे भारदस्त नाव. विद्यार्थी मात्र त्याला नुसते ‘झोनल’ म्हणतात. कबड्डी अमक्या गावी, खो-खो तमक्या गावी, मैदानी स्पर्धा शहरात, अशी ती यादी असते. शहरातील मोठ्या कॉलेजांना तिचे फारसे अप्रूप नसते; त्यांच्या खेळाडूंना क्लब आहेत, तालमी आहेत, खुल्या स्पर्धा आहेत. परंतु निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, चंदगड, खानापूर या गावांतील लहान कॉलेजांचे वर्षभराचे खेळाचे पंचांग म्हणजे बहुधा हा एकच कागद होय.

निपाणीत हा कागद दोन ठिकाणी लागतो, आणि त्या दोन कागदांची एकमेकांशी ओळख नसते. केएलई संस्थेचे जी. आय. बागेवाडी महाविद्यालय निपाणीत आहे. ते बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. देवचंद कॉलेज १९६० सालचे. ते निपाणीला खेटून असले तरी अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे, आणि म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे. गाव एक, तंबाखूची पेठ एक, आठवड्याचा बाजार एक. एका घरातील थोरला इकडे आणि धाकटा तिकडे शिकत असला तरी कोणास नवल वाटणार नाही. परंतु विद्यापीठाच्या स्पर्धेत हे दोन संघ समोरासमोर येऊच शकत नाहीत. एक कोल्हापूर विभागात खेळावयास जातो, दुसरा बेळगावच्या अंगाला. दोघांतील चांगले खेळाडू पुढे आपापल्या विद्यापीठाच्या संघात निवडले गेले, तर शिवाजी विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात खेळतो आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाचा दक्षिण विभागात. कबड्डीसारख्या सांघिक खेळात प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीस जातात. तेथे दोघेही पोचले, तरच निपाणीच्या पोराची निपाणीच्या पोराशी गाठ पडायची! तीही कदाचित आठशे मैलांवरच्या एखाद्या अनोळखी गावी.

दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या आणि सूर-ताल शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने कबड्डीच्या उठाठेवीत का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. शिकवणीला येणारी मुले तीच असतात. सकाळी पलटे घोकणारा मुलगा संध्याकाळी मैदानावर असतो, आणि सरावाचा कंटाळा व तयारीचा आनंद दोन्हीकडे एकाच जातीचा असतो. शिवाय कोणत्याही विद्येची वाढ कशाने होते आणि कशाने खुंटते, हा प्रश्न मैदानाचा जितका, तितकाच मैफलीचाही आहे.

आधी ही वाटणी झाली कशी, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि त्या दिवशी सगळे तुटले. कॉलेजांपुरते बोलायचे तर तुटणे त्याच्याही सात वर्षे आधीचे आहे. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० सालचे, धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ सालचे, सांगलीचे विलिंग्डन १९१९ सालचे, बेळगावचे लिंगराज १९३३ सालचे आणि तेथीलच राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ सालचे. संस्थाने निराळी, इंग्रजी जिल्हे निराळे, तरी ही सारी एकाच मुंबई विद्यापीठाची लेकरे होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठ अशी दोन विद्यापीठे उभी राहिली. कोल्हापूर-सांगली पुण्याकडे गेली, बेळगाव-धारवाड कर्नाटक विद्यापीठाकडे. तेव्हा बेळगाव अजून मुंबई राज्यातच होते. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानही त्या राज्यात विलीन झाले होते. पुढे १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ निघून बेळगाव, विजापूर व बागलकोट हे जिल्हे धारवाडकडून त्याच्याकडे आले. प्रत्येक पायरीला कारण होते, आणि विद्यापीठ जवळ आल्याने परीक्षांची व पदव्युत्तर शिक्षणाची सोय झाली, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु प्रत्येक पायरीला शेजारी मात्र अधिक दूर गेला.

हे अंतर नकाशावर मोजून पाहावे. चंदगडहून बेळगाव चाळीस किलोमीटरच्या आसपास. चंदगडहून कोल्हापूर शंभराच्या वर. चंदगडचा माणूस दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला, रेल्वे पकडायला बेळगावला जातो. फक्त त्याची मुलगी खो-खो खेळायची असेल तर तिने शंभराहून अधिक किलोमीटर उलट दिशेने जावयाचे. पहाटे गाडी धरायची, दोन घाट-वळणे घेत आंबलेल्या अंगाने मैदानावर उतरायचे, आणि समोर कोण? तर जेथे खेळाडूंसाठी वसतिगृह आहे, रोज दोन वेळा सराव आहे आणि शाळेपासून घडवून आणलेल्या मुली आहेत, असे शहरातील कॉलेज. सामना अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. परतायला रात्र होते. पुढल्या वर्षी दोघी-तिघींच्या घरून नकार येतो. कारण दिवेलागणीच्या आत परत येण्याचा प्रश्न आईबापांपुढे पदकापेक्षा मोठा असतो, आणि त्यात त्यांचे काही चुकते असेही म्हणता येत नाही.

याहून खोल असा दोष अंतरात नसून स्पर्धेच्या पद्धतीतच आहे. झोनल सहसा बाद पद्धतीने चालते. हरला तो गेला. समजा, सोळा संघ उतरले. एकूण सामने होतात पंधरा. त्यांपैकी आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात, आणखी चार दुसऱ्या सामन्यानंतर. म्हणजे सोळांपैकी बारा संघांचे वर्ष एका किंवा दोन सामन्यांत संपते. पुरुषांच्या कबड्डीत वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे असतात. जून-जुलैपासून चिखल तुडवीत केलेल्या सरावाचे मोल चाळीस मिनिटे! हा नियम ज्याने केला त्याला विजेता लवकर आणि स्वस्तात शोधून काढायचा होता, आणि त्या कामाला तो उत्तमच आहे. विद्यापीठाला पुढच्या फेरीसाठी संघ निवडायचा असतो. पण हरणाऱ्या बारांना त्यातून काय मिळते? हरण्यातून शिकायला पुन्हा खेळावे लागते. आणि पुन्हा खेळायला पुढचे वर्ष उजाडावे लागते. तोवर तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो.

लहान कॉलेजांची ही अडचण आपल्याकडचीच आहे असे नव्हे. अमेरिकेत मिशिगन प्रांतातील काही लहान कॉलेजांनी १८८८ सालीच तिच्यावर एक तोड काढली. आल्बियन, ऑलिव्हेट, हिल्सडेल अशी ती गावोगावची कॉलेजे. त्यांनी आपापसांत करार केला, की आपण दरवर्षी एकमेकांशी खेळू, नियम आपणच ठरवू आणि ते सगळे पाळू. अशा कराराला तिकडे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला, की व्यासपीठ, हार आणि भाषणे डोळ्यांपुढे येतात. तिकडे त्याचा अर्थ शेजाऱ्यांचा खेळण्यासाठी जमलेला मेळ असा आहे. मिशिगनचा तो मेळ आजही चालू आहे. आल्बियन आणि ऑलिव्हेट अजून त्यात आहेत. पुढे त्या देशातील महाविद्यालयीन खेळ अवाढव्य झाले. १९०६ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना निघाली आणि १९७३ मध्ये तिने कॉलेजांच्या तीन श्रेणी पाडल्या. तिसरी श्रेणी मुख्यतः लहान कॉलेजांची. तिच्यात खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देता येत नाही. खेळाडू आधी विद्यार्थी, मग खेळाडू. अशी शेकडो कॉलेजे आपापल्या टापूत मेळ करून खेळतात. कोणाशी, कोठे, केव्हा खेळायचे हे हंगामाच्या आधीच ठरलेले असते. हरले तरी पुढच्या आठवड्यात सामना आहेच, आणि गेल्या वर्षी ज्याने हरवले तो यंदा आपल्या अंगणात यायचा आहे. खेळाची गोडी, ईर्षा आणि मैत्री या तिन्ही गोष्टी अशा परतफेडीतून जन्मतात.

तथापि ही कल्पना समजावून घेण्यास मिशिगनपर्यंत जाण्याचे तरी काय कारण? शाहू छत्रपतींनी १९१२ मध्ये खासबागचे मैदान बांधले, त्या करवीरनगरीच्या वाचकाला तरी ते सांगावयास नको. आपल्या जत्रांतील कुस्त्या पाहा. मैदानाला सुरुवात रेवड्यांच्या कुस्तीने होते. चड्डीतली पोरे मातीत लोळतात आणि मूठभर रेवड्या घेऊन उड्या मारीत जातात. मग जोडी लावणारे जाणते पंच पोराचे वजन, उंची, तयारी, आजवरचा लौकिक पाहून त्याच्या तोलाचा गडी शोधतात. विषम जोड लावली तर प्रेक्षकच आरडाओरडा करतात. आणि येथे हरलेला मल्ल वर्षभर घरी बसत नाही. पुढच्या गावची जत्रा असतेच. एका हंगामात त्याला किती लढती मिळतात! कोल्हापूरचा पैलवान बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात उतरतो, सीमेपलीकडचा गडी आपल्या तालमीत घुमतो. लाल मातीला विद्यापीठ नसल्यामुळे तिला विभागही नाहीत. समान तोलाची जोड आणि पुन्हा पुन्हा लढत, या दोन गोष्टी आपल्या जत्रेने फार पूर्वीच ओळखल्या होत्या.

गाण्याचेही तेच. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे. त्यांची गायकी त्यांचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांकडे गेली. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळील सुळेभावीचा. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहिले आणि कुंदगोळच्या सवाई गंधर्वांना त्यांनी घडविले. मातृभाषा कन्नड की मराठी, हा प्रश्न षड्जाने कधी विचारला नाही. आजही १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पाहा. त्यांचा कारभार मिरजेहून चालतो. बेळगावचा विद्यार्थी आणि गडहिंग्लजचा विद्यार्थी तीच प्रवेशिका, तीच मध्यमा देतो. पण शिकवणारा मनुष्य म्हणून एक गोष्ट सांगतो. परीक्षेने विद्यार्थी घडत नाही. तो घडतो घरगुती बैठकांत, गणपतीच्या मांडवात, शेजारगावच्या मंडळींसमोर पाच-दहा वेळा सूर सांभाळीत, चुकत आणि सावरत. वर्षातून एकदाच आणि तेही परक्यांसमोर गायला लावले, तर बरा गळासुद्धा बसून जाईल. आपल्या लहान कॉलेजांच्या खेळाडूंचे आपण नेमके हेच करीत आहो.

यावर कोणी म्हणेल, की मोठे खेळाडू काही अशा सोयींची वाट पाहत नाहीत. बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्यांच्यामागे कोणती झोनल होती? बेळगावचे बंडू पाटील १९६४ च्या टोकियोतील हॉकीच्या सुवर्णविजेत्या संघात होते. आणि आमचे खाशाबा जाधव? आक्षेप वजनदार आहे, परंतु या माणसांच्या कथा नीट वाचल्या तर त्या उलटेच सांगतात. अँटवर्पला संघ गेला, कारण पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती सर दोराबजी टाटांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि पदरमोड केली. खाशाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसा उभा राहीना, तेव्हा त्यांचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या गहाणखतावर आले आहे. दोन्ही ठिकाणी पाहणारा डोळा जवळ होता. ज्याच्या अंगणात खेळ होतो त्यालाच खेळाडू दिसतो. चाळीस मिनिटे खेळून रात्रीच्या गाडीने परतणारी मुलगी दिसणार कोणाला?

आणि सर्वांनाच ऑलिंपिकला जायचे आहे थोडेच? तंबाखूच्या रानात राबणाऱ्या घरातील मुलाला पोलिसात वा पलटणीत भरती व्हायचे असते. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. तेथे धावण्यात शेवटच्या फेरीला दम टिकवणारा लागतो. कोणाला शाळेत खेळाचा मास्तर व्हायचे असते. पुष्कळांना काहीच व्हायचे नसते. त्यांना केवळ तीन वर्षे मनसोक्त खेळायचे असते, आणि तीही काही क्षुल्लक इच्छा नव्हे. देशात १९५६-५७ पासून सर्वोत्तम विद्यापीठास मौलाना आझाद करंडक दिला जातो; २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धाही सुरू झाल्या. कळसाची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. पायरीचा दगड मात्र ज्याच्या त्याच्या गावचा असतो आणि तो गावानेच बसवावा लागतो.

तेव्हा एक साधा हिशेब मांडतो. निपाणी मध्ये धरा. देवचंद कॉलेज, कागलचे डी. आर. माने महाविद्यालय आणि गडहिंग्लजचे शिवराज महाविद्यालय ही तीन शिवाजी विद्यापीठाकडील. बागेवाडी महाविद्यालय, चिकोडीचे बसवप्रभू कोरे महाविद्यालय आणि संकेश्वरचे कॉलेज ही तीन सीमेपलीकडील. निपाणीहून ही सारी गावे चाळीस किलोमीटरच्या सुमारास किंवा त्याहून जवळ. गडहिंग्लज आणि संकेश्वर तर हाकेच्या अंतरावर. सहा संघांनी साखळी पद्धतीने खेळायचे ठरविले तर एकूण सामने होतात पंधरा. सोळा संघांच्या बाद स्पर्धेतही पंधराच होते! परंतु येथे प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात. एका रविवारी तीन सामने घेतले तर पाच रविवारांत सगळे आटोपते. मुले आणि मुली एकाच गाडीने जातील, भाकरी बांधून नेतील आणि दिवेलागणीच्या आत घरी असतील. अशीच दुसरी साखळी बेळगाव, खानापूर, चंदगड आणि हलकर्णी यांची होऊ शकेल.

यासाठी कोणाची हद्द बदलावी लागत नाही. १९५६ पासूनचा सीमेचा प्रश्न महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याविषयी ज्याचे त्याचे मत ज्याने त्याने बाळगावे. विद्यापीठांच्या झोनल आपल्या जागी राहतील, संघनिवडही तेथेच होईल. दोन विद्यापीठांच्या परीक्षांची वेळापत्रके निराळी असतात, ही खरी अडचण. पण वर्षातून पाच रविवार दोघांना सोयीचे मिळू नयेत इतकी ती कठीण नाही. प्रवासखर्च कोणी करायचा, पंच कोठले, दुखापत झाली तर जबाबदारी कोणाची, असे प्रश्न निघतील. ते एका बैठकीत सुटणारे आहेत. लागतो तो सहा प्राचार्यांचा होकार आणि जिमखान्याच्या सहा सरांचा उत्साह. दोन्ही बाजूंच्या सरांना एकमेकांची भाषा कामापुरती येतेच. आणि मैदानावर तीही फारशी लागत नाही. ‘कबड्डी’ हा शब्द आणि ‘खो’ हा शब्द मराठीत व कन्नडात एकच आहे.

सामना मांडला की दोन गावे परस्परांना ओळखू लागतात. त्या पोराची डावी चढाई जोरकस आहे, त्या मुलीचा खांबावरचा वळसा पाहण्यासारखा आहे, असे लोक नावानिशी बोलू लागतात. आणि नावानिशी ओळखलेल्या माणसाला कोणी ‘पलीकडचा’ म्हणत नाही. आपल्या वाडवडिलांनी गाण्यात आणि कुस्तीत हा शेजारधर्म पाळला. कॉलेजांच्या खेळात तो पाळायचे तेवढे राहिले आहे. निपाणीच्या दोन कॉलेजांचा एक सामना, त्यांच्याच गावात, एखाद्या रविवारी सकाळी व्हावा. पेठेतील माणसे तो पाहायला येतील, यात शंका नाही.